हिरवा ठिपका

शवागाराबाहेरच्या बाकावर कागदांवर सही घ्यायला आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या नर्सबाईंना शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबांवर माझं लक्ष असतं, म्हणायचास ना?”

“होतंच, ताई. माझ्या सर्व्हरवर पेज बनवलंय. ते बाबांच्या फोनला सारखं हाक मारायचं. उत्तर आलं की हिरवा ठिपका, नाही आलं की मला मेसेज.”

“मग आला नाही मेसेज?”

“बाबा फिरायला गेले, वायफाय सुटलं, तरी यायचा. मीटिंगमध्ये डोकं उठायचं. म्हणून सेटिंगमधून फोन काढला आणि त्यांच्या घरचा वायफायचा राउटर टाकला.”

“म्हणजे बाबा पडून होते, फोनची बॅटरीही उतरली होती, आणि...”

“राउटर उत्तर देत होता.”

“आणि आत्ता?”

भावाने मोबाईल तिच्यापुढे धरला.

“हिरवाच आहे.”