अवघड जागचं दुखणं

त्वचारोगाच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची बायको हळू आवाजात बोलत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी शिंपीणबाईंच्या कानावर पडत होतं.

“डाग आहेत, पण खाज नाही. उष्णता असेल,” तो म्हणाला.

“उष्णता काय तळहात-तळपाय बघून उठते?”

“मग डिझेलमुळे असेल.”

“आणि आधी अवघड जागी फोड आला होता, तो?”

“तो दुखलाही नाही. आपोआप बरा झाला की!”

“तेव्हाच म्हटलं होतं, दाखवून या.”

“लाज वाटली गं. आत्ताही वाटतेय. तू बाहेरच थांब.”

“मी कशी थांबू? हे बघा, माझ्याही तळहातांवर उठलेत.”

शिंपीणबाईंनी मान खाली घातली. तेवढ्यात त्या दोघांचा नंबर पुकारला.

“चल. डॉक्टरांना ट्रकवरच्या रात्रींचं सगळं मीच सांगतो. फक्त तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.”