घोरपडीची चाल

मल्लेश्वरमच्या थांब्यावर पद्माकर पुस्तकात डोकं घालून येलहंक्याच्या बसची वाट पाहत होते. आजूबाजूच्या कन्नड गलक्यात मागून मराठी बोलणं कानावर आलं आणि पान उलटायचं राहून गेलं. राक्षसी घोरपडीच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहून आलेले बहीणभाऊ रांगेत उभे होते.

"अण्णा, पहिल्या भागात तू रबरी कातडं घालून नाचायचास तेच बरं होतं. कुणी घाबरत नव्हतं, पण शिट्ट्या तरी पडायच्या."

"आता सगळं कॉम्प्युटरवर, प्रेमा."

"मग ती घोरपड डावा पाय ओढत का चालत होती? सगळं थिएटर हसत होतं."

"हसू दे."

"अण्णा, खरं सांग. ती चाल तुझी आहे ना?"

"स्वल्प हळू बोल. अंगाला वायरी बांधून दिवसभर चालवलं मला. त्यावरनं केली."

"पहिल्याच्या शूटिंगला पडून तुझा गुडघा गेला, आणि नाव कुठेच नाही! शेवटच्या अक्षरापर्यंत बसले होते मी."

"घालतो म्हणाले होते."

"तिसऱ्या भागाचं तरी विचारलंस?"

"त्यात घोरपड नीट चालणार. नवा डान्सर घेतलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"मलाच बोलावलं होतं परवा. त्याला चाल शिकवायला."

"आणि तू गेलास?"

"गेलो. दुपारपर्यंत पठ्ठ्या डावा पाय ओढायला लागला. मी ओरडलो, अरे, सरळ चाल. तर म्हणतो, सर, तुम्ही दाखवलंत तसंच चालतोय."