पेनड्राइव्हमधली झोप

माझ्या लेकीच्या व्हिडिओची गोष्ट तुम्हाला सांगितली नाही वाटते. पोरगी झोपेत हातपाय झटकायची. डॉक्टर म्हणाले, "मोबाइलवर काढून आणा, पाहिल्याशिवाय सांगता येत नाही." व्हिडिओ काढला, पण मोबाइल जुना, कधी बंद पडेल नेम नाही. म्हणून तिरोड्याच्या दुकानात पेनड्राइव्हवर कॉपी करून घेतली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला महिना होता. तेवढ्यात कॉपीच बिघडली तर? मी दर सोमवारी टीव्हीला लावून पाहायची.

पोरीचे बाबा म्हणत, "कायले घडीघडी पाहून रायली वं? धान आहे का थे, सोंडे-किडे लागाले?"

एका सोमवारी लेक झोपलेली दिसली अन् हात हलायच्या आधीच चित्र थांबलं. मी तशीच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, फाइलचं नाव तर दिसून रायलं."

"दादा, नाव तर मतदार यादीत मेलेल्याचंही दिसते. शेवटपर्यंत चालवा."

चाललंच नाही. मोबाइल अजून सुरू होता म्हणून बरं. नवी कॉपी करून तिथंच पूर्ण पाहिली.

तारखेला डॉक्टरांनी ती कॉपी पाहिली. म्हणाले, "झोपेत दचकते ती. वाढत्या वयात थांबेल. आजार नाही."

पोरीचे बाबा निघायला उठलेही. मी मोबाइल पुढं केला. "साहेब, हेच एकदा यात बोलता का?"

डॉक्टर हसले, पण बोलले. ते बोलणं आता दोन पेनड्राइव्हवर आहे. 'आजार नाही' सगळ्यात शेवटी येते, म्हणून रोज पूर्णच ऐकावं लागते.