ज्याने ठोकला त्याने काढावा

दादा: हा इथे येणार आहे, हे तू मला फोनवर बोलली नाहीस.

ताई: बोलले असते तर आला असतास?

दादा: नसतो आलो.

ताई: म्हणून नाही बोलले. यालाही तुझं सांगितलं नव्हतं. दार लोटून घे रे धाकट्या, उजेड तिच्या डोळ्यावर येतोय.

धाकटा: मी बाहेर थांबतो ताई. दादाचं काय ते उरकू दे, मग मी बघतो.

ताई: कोणी बाहेर थांबायचं नाही. तबेला माझा आहे, घोडी माझी आहे. त्या बादल्या उलट्या घातल्यात, बसा त्यांच्यावर. डॉक्टर जेवून येतो म्हणालेत.

दादा: परत डॉक्टर? परवाच येऊन गेले ना? पू काढला, पट्टी बांधली म्हणालीस.

ताई: आज पट्टी बांधायला येत नाहीयेत ते.

धाकटा: म्हणजे?

ताई: फोटो काढला होता पायाचा. पुढच्या डाव्या खुरातलं हाड खाली उतरलंय, पार तळव्याला टेकलंय. ते आता वर जाणार नाही म्हणाले. ती उभी राहते ना, ती त्या हाडाच्या टोकावर उभी राहते. आडवी झाली तर उठता येत नाही. कालपासून चंदीला तोंड लावलं नाही. आज ते इंजेक्शन घेऊन येतायत. कळलं ना दोघांना? का अजून सोपं करून सांगू?

दादा: लवंगीला?

ताई: हो, लवंगीला. दुसरी कोणती घोडी आहे माझ्याकडे?

दादा: मी तेव्हाच म्हणालो होतो. ओरडून ओरडून म्हणालो होतो, कामाच्या घोडीला अनवाणी करू नका. पण माझं ऐकतो कोण! मी पडलो अडाणी नालबंद. हा शिकून आलेला.

धाकटा: झालं सुरू.

दादा: सुरू तू केलंस! चांगली चालती घोडी. पाठीवर पोरं घेऊन डांबरी रस्त्याने मैदानापर्यंत जायची आणि यायची, एक ठेच नाही कधी. तू आलास आणि नाल उपटलेस. का, तर म्हणे जंगलातला घोडा कुठे नाल घालतो! अरे, जंगलातला घोडा डांबरावरून चालतो का? शिकवणीची पोरं पाठीवर घेतो का?

धाकटा: मी डांबरावर चालव असं म्हटलंच नव्हतं. ताई, तूच सांग, मी काय म्हणालो होतो? उन्हाळा संपेपर्यंत तिला मऊ मातीवर ठेव, तबेल्यातला हा ओला कोपरा कोरडा कर, खूर आपोआप दणकट होईल. वेळ लागेल, सुरुवातीला जपून पाय टाकेल, घाबरू नकोस, असंच म्हणालो होतो ना?

ताई: म्हणाला होतास.

धाकटा: खूर म्हणजे काही दगड नाही दादा. पाय टेकला की तो पसरतो, उचलला की आवळतो, त्याने पायात रक्त खेळतं. तू त्याला लोखंडात बांधून टाकतोस. खिळे मारून मारून खुराच्या भिंतीची चाळण होते, आणि मग तूच म्हणतोस, बघा, नालाशिवाय हिचा खूर टिकतच नाही!

दादा: बाबांनी जन्मभर खिळेच मारले. त्यांच्या हातचे घोडे म्हातारे होऊन मेले.

धाकटा: बाबांचं नाव मध्ये आणू नकोस.

दादा: का आणू नको? घोडेस्वारीच्या क्लबात सगळ्यांसमोर उभा राहून कोण म्हणालं, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चुकीचं काम चाललं? मी बाजूलाच होतो. हातात घोड्याचा पाय होता माझ्या. तो खाली ठेवायचंही सुचलं नाही मला.

धाकटा: तुला उद्देशून नव्हतो बोललो.

दादा: मग कुणाला? त्या घराण्यात आता नालबंद उरलाय कोण?

ताई: बोला, बोला. तेवढंच राहिलंय. घोडी जायला टेकलीय आणि तुम्ही अजून आपापलं घोडं दामटताय.

धाकटा: तसं नाही ताई…

ताई: तसंच आहे. मी डॉक्टरांना विचारलं. म्हटलं, खरं सांगा, नाल ठेवायला हवे होते की काढायला? ते म्हणाले, बाई, ठेवले असते तरी ही चालली असती आणि काढले असते तरी चालली असती. दोन्हीपैकी एक काहीतरी करून गप्प बसायला हवं होतं.

दादा: म्हणजे काय?

ताई: म्हणजे तुला माहीत आहे. मी मावशीकडे गेले होते तेव्हा मागच्या दाराने कोण आलं होतं? किल्ली कुठे असते ते तिघांनाच ठाऊक.

दादा: लंगडत होती गं ती. रस्त्यावरून येताना मी डोळ्यांनी पाहिली. निखाऱ्यावर ठेवावा तसा पाय ठेवत होती. मला बघवेना, पुढच्या दोन्ही पायांना ठोकले नाल.

धाकटा: मी नुकतीच खुराची भिंत घासून पातळ केली होती! त्या भिंतीत खिळे मारलेस तू. धरायला जागा नव्हती म्हणून वर मारलेस, आतल्या अंगाला. मी येऊन बघतो तर…

दादा: तर काय केलंस? उपटलेस.

धाकटा: मग काय ओवाळू त्यांना?

दादा: आणि मी परत ठोकले.

धाकटा: आणि मी परत…

ताई: थांबलास का? पुढे बोल ना. परत काय केलंस ते दादाला सांग. नाहीतर मी सांगते. गवतात मला खुराचा तुकडा सापडला. एवढा, तळहाताएवढा. त्यात खिळे तसेच होते, टोकं वळलेली.

दादा: टोकं वळलेली?

धाकटा: रागात होतो मी.

दादा: खुराबाहेर वळवलेली टोकं सरळ न करता तू नाल ओढलास? अरे, पहिल्या दिवशी शिकवतात हे! बाबांनी हातावर छडी मारून शिकवलं होतं तुला आणि मला, आधी टोकं सरळ, मग पकड. रस्त्यावरचा भिकारीसुद्धा असा नाल ओढणार नाही!

धाकटा: माहीत आहे. मला माहीत आहे रे दादा. भिंतच हातात आली माझ्या.

दादा: आणि उजवा तसाच टाकून पळालास.

धाकटा: हो, पळालो. पण तुझंही सांग की. त्या तुकड्याशेजारी काळं भोक होतं, मी बघितलंय. ते माझ्या ओढण्याने झालेलं नाही. खिळा मांसात गेला होता. हात बसलेला नालबंद तू, तुला ठोकताना आवाजावरून कळतं. कळलं होतं की नाही?

ताई: सांग दादा. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दादा: थरारली ती. आवाज भद्द आला.

ताई: मग काढला का नाहीस लगेच?

दादा: काढला असता तर हा म्हणाला असता, बघा, नालबंदाने घोडी जखमी केली. भोक दिसलं असतं याला. म्हटलं, राहू दे. एखादा खिळा जवळून जातो, घोडं सोसतं.

ताई: सोसलं तिने. पू झाला तरी सोसलं. मला वाटलं, अनवाणी राहिल्याने दुखतंय. मी मूर्ख, पेंढा जाड घालत बसले.

धाकटा: तू का नाही गं बोललीस आम्हाला? दोन कानाखाली दिल्या असत्यास…

ताई: कोणाला बोलू? तुला बोलले की तू म्हणणार, ताई पहिल्यापासून दादाच्या बाजूची. दादाला बोलले की त्याचा आठवडाभर अबोला. मला वाटलं, भांडतील आणि दमतील. बाबांनी वाटणी केली तेव्हा दादाला ऐरण मिळाली, तुला शिकायला बाहेर पाठवलं, मला ही घोडी मिळाली. मी म्हटलं, चला, आपल्याला भांडायला कोणी नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? माझ्या तिसरीचे पाय गेले.

धाकटा: मला पाठवलं नव्हतं. ऐरण एकच होती, म्हणून मला घालवलं. बाबा म्हणाले, एका भट्टीवर दोघं नकोत. मग ज्याला ऐरणच लागत नाही असं काम शिकून आलो मी. एक चाकू आणि एक कानस. बस.

दादा: हे कधी बोलला नाहीस.

धाकटा: तू विचारलंस कधी?

दादा: ऐरण हवी होती तर मागायचीस. दिली असती.

धाकटा: नसतीस दिली.

दादा: हो. नसती दिली.

ताई: झालं ना बोलून? मग आता मी तुम्हाला कशाला बोलावलंय ते ऐका. भांडणं मिटवायला नाही. ती तुम्ही तुमच्या घरी नेऊन वाळत घाला. तिच्या पुढच्या उजव्या पायात नाल आहे अजून.

दादा: डॉक्टर काढतील की तो.

ताई: बाबांचं आठवतं ना? कोणाचं घोडं शेवटाला आलं की त्यांना बोलावणं यायचं. नाल घालून घोडं पाठवायचं नाही. आणि ज्याने ठोकला त्यानेच काढायचा. बाबा मग त्या दिवशी जेवायचे नाहीत. आई ताट झाकून ठेवायची. आपण विचारायचो आणि ती म्हणायची, आज ते काढून आलेत.

दादा: आठवतं.

ताई: मग ऊठ. तो नाल तुझा आहे.

दादा: माझ्याने नाही होणार गं.

ताई: ठोकताना बरं झालं? मागच्या दाराने येऊन?

धाकटा: ताई, पुरे. मी काढतो.

ताई: तू खुराची भिंत धर. दोन्ही हातांनी धर, याच्या ओढण्याने तुकडासुद्धा पडता कामा नये. तिला जाताना एक तरी खूर धड असू दे.

धाकटा: पण ती पाय देणार कशी? उजवा उचलायचा म्हणजे सगळा भार डाव्यावर. हाडावर उभी राहील ती. आडवी करू आधी.

ताई: आडवं होताना पडेल आणि मग तशीच तडफडत पडून राहील डॉक्टर येईपर्यंत. नको.

दादा: खांदा लावून बघतो. मी टेकू देतो तिला, माझ्या अंगावर भार घेऊ दे. ये गं. ये माझी बाय. घाबरू नको.

धाकटा: तुझा वास ओळखलाय तिने. कान बघ.

दादा: मला वाटलं, चावेल.

ताई: चावायला हवी होती. कधी चावलीय ती? लहानपणी नुसती तिखट होती, म्हणून तर बाबांनी लवंगी नाव ठेवलं. पण नालाच्या वेळी किती शहाणी! एक पाय झाला की दुसरा आपणहून उचलून द्यायची. बाबा म्हणायचे, हिला सांगावं लागत नाही, हिला माझ्यापेक्षा जास्त घाई.

दादा: पाय दे गं, लवंगी. दे. शेवटचं.

धाकटा: नाही देणार दादा. ओढू नकोस. जबरदस्ती नको.

ताई: दिला बघ.

धाकटा: अगं बाई. थरथरतेय ती सगळी. दादा, लवकर!

दादा: टोकं सरळ करू दे आधी. हातोडा नको, हादरा बसेल. तुझी कानस दे, टोकं घासूनच काढतो.

धाकटा: ही घे. हळू घास. मी धरलंय.

दादा: दिसत नाहीये मला.

धाकटा: डोळे पूस की मग! माझं बोट बघ. बोटाशेजारी टोक आहे.

दादा: हे?

धाकटा: हे. झालं. आता पुढचं. अजून थोडं. झालं, आता पकड लाव. टाचेकडून.

दादा: मला शिकवू नकोस.

धाकटा: नाही शिकवत. धर.

दादा: आला. निघाला. एक कपचा नाही गेला बघ ताई. बघ, सगळी भिंत शाबूत आहे.

ताई: बघितली. ठेव पाय खाली, सावकाश.

धाकटा: पहिल्यापासून असंच काढलं असतं तर…

ताई: ते आता बोलू नकोस.

दादा: हा नाल घे. तुझ्याकडे ठेव.

ताई: मला नको. कुठे लावू, दारावर? माणसं विचारतील, नशिबाचा का? त्यांना काय सांगू?

धाकटा: मी नेतो.

दादा: तू कशाला नेशील? तुला तर नाल नकोच होता.

(बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.)

ताई: आले ते. सामान उचला तुमचं. जाताना एकमेकांकडे बघितलं नाहीत तरी चालेल, पण तिच्याकडे बघून जा.

धाकटा: ताई. अगं, तिने काय केलंय बघ.

दादा: काय गं? नको गं लवंगी, तो दुखरा आहे. खाली ठेव. झालं आता, संपलं. धाकट्या, ती डावा पाय का उचलतेय?

ताई: तिला वाटतंय, आता नवे बसवणार.