कंबरेत दोन बोटं

शिंपीणबाई दुकानातून तशाच उठून कुरिअरच्या रांगेत आल्या होत्या. गळ्यातली टेपसुद्धा काढायची राहिली होती. पुढे दोघी बहिणी उभ्या. थोरलीने पार्सल पोटाशी धरलेलं, तिचा फोन धाकटीच्या हातात. बाईंना कान टवकारावे लागले नाहीत.

"ताई, विकलास ना ऑनलाइन? मग सोड की आता तो ड्रेस."

"ही घेणारी बाई मला बरी वाटत नाही. माझा तिसरा ड्रेस घेतेय. दर वेळी घालून फोटो पाठवते."

"कौतुकाने पाठवत असेल गं."

"कसलं कौतुक! मिरवते मेली. मागचा हिरवा तर असा बसलाय, जसा काही तिच्याच मापाने शिवलाय."

"तू तरी कुठे घालायचीस तो?"

"सहा वर्षं घातला! आणि परवा तुझे भावोजी तिचा फोटो बघून म्हणतात, 'वा, काय ड्रेस आहे! तूही असा एखादा घे ना.'"

धाकटीला हसू आवरेना.

"हस, हस. पण या निळ्याची कंबर मी चांगली दोन बोटं आत घेतलीय. आता मिरव म्हणावं."

"ताई! अगं, काहीतरीच काय... थांब, तिचाच मेसेज आलाय."

"वाच."

"'ताई, हल्ली मी बारीक झालेय. निळा पाठवण्याआधी कंबरेत जरा आत घेऊन द्याल का?'"

रांग पुढे सरकली. थोरली जागची हलली नाही. मग गर्रकन मागे वळली.

"अहो बाई, तुमच्याकडे कात्री असेल ना? एक शिवण उसवायचीय."