वहिनींची तोफ

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, संघटनेचे सचिव, वर्कशॉपची मंडळी, हातातलं काम टाकून आलेल्या पॅकिंगच्या भगिनी, आणि त्या मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या फिटरबाई, सर्वांना माझा नमस्कार.

सचिव म्हणाले, "दोन शब्द बोला." दोन शब्दांत मी आजवर कधी आटोपलेलो नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. असो.

तुमच्या त्या फिटरबाई. माझ्या वहिनी, थोरल्या भावाच्या पत्नी. माझा भाऊ याच आवारात गेला, दोन नंबरच्या सायलोत. नव्या मंडळींसाठी सांगतो. या उंच टाक्यांमध्ये मका असतो. ओल लागली की तो भिंतींना धरतो, खालचं धान्य निघून जातं, वर कमान तयार होते आणि सगळं अडतं. तेव्हा रीत एकच होती. माणसाच्या कमरेला दोर बांधायचा, त्याला वरच्या झाकणातून आत सोडायचं, आणि त्याने पहारीने ती कमान फोडायची. भाऊ हे काम करायचा. एके दिवशी कमान फुटली आणि तोही तिच्याबरोबर खाली गेला. दोर होता हो! पण छातीपर्यंत धान्यात गाडलेला माणूस दोराने ओढून निघत नाही.

मग ते काम कोणाकडे आलं? माझ्याकडे. मी अंगाने किडकिडीत, आणि आतलं थोडं जाणणारा. खरं सांगू, मला त्याचा अभिमानच वाटायचा. भावामागे वहिनी इथेच वर्कशॉपमध्ये लागल्या, फिटरचं काम शिकल्या; पण त्यांना काय वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. एक दिवस त्याच मला म्हणाल्या, "भाऊजी, आता आत माणूस जायचा नाही. हवा जाईल."

मोडीत निघालेल्या कॉम्प्रेसरची टाकी त्यांनी मागून घेतली. आधी तिच्यात काठोकाठ पाणी भरून दाब देऊन पाहिला. पाण्याची टाकी फुटली तर आपण भिजतो, हवेची फुटली तर जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. मग पुढे जाड पाइप लावला आणि मध्ये साधा दांड्याचा कॉक. आम्ही कानांत बोटं घालून उभे. वहिनींनी दांडा फिरवला, आणि काय झालं? फुस्स! "बाई, ही तोफ की सायकलचा पंप?" असं कोणीतरी ओरडलं. ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाही.

हवा भरपूर होती, पण दार उघडायला वेळ लागत होता. वहिनींनी कॉक काढला आणि टाकीच्या तोंडाशी नायलॉनचा दट्ट्या बसवला. मागच्या हवेचा दाब त्याला तोंडावर घट्ट धरून ठेवी. ती मागची थोडी हवा सोडली की दट्ट्या झटकन मागे, आणि टाकीतली सगळी हवा एका दमात बाहेर. आवार रिकामं करून चाचणी घेतली, तर पाइपात कोंबलेला चिंध्यांचा बोळा थेट ऑफिसच्या छपरावर. साहेब चहाचा कप घेऊन बाहेर धावले.

पुढे दोन नंबर पुन्हा अडला. ट्रक रांगेत. आमची सगळ्यांची अक्कल एकच, माणूस वरून उतरायचा म्हणून तोफही वरूनच लावली. उडवली, आणि धान्य आणखी घट्ट बसलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "पुरे झाले खेळ. दोर काढा." मी दोर बांधलासुद्धा. वर चढून पाहतो तर झाकणाला वहिनींच्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप, आणि त्या शेजारी उभ्या.

"वहिनी, किल्ली द्या. लोक बघतायत."

"बघू देत. त्या वेळी मी घरी होते, भाऊजी. आज इथे आहे."

मी चिडलो. चारचौघांत बायकी हट्ट कशाला, असंही बोललो. त्या तोफ घेऊन खाली उतरल्या. सायलोच्या तळाच्या नरसाळ्याला एक जुनं, बोल्टने बंद केलेलं तोंड होतं. तिथे वेल्डिंग करता येत नाही, धान्याच्या धुळीला ठिणगी चालत नाही. एकेक गंजका बोल्ट त्यांनी पान्याने सोडवला आणि पाइप तिरपा, भिंतीलगत बसवला. सगळ्यांना लांब उभं केलं.

धाडकन आवाज झाला. मग काहीच नाही. मी कमरेचा दोर पुन्हा आवळायला लागलो. तेवढ्यात आतून सळसळ ऐकू आली, आणि सगळी कमान घळाघळा खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. "एवढंच करायचं होतं हो," म्हणत होत्या, "एवढंच तर करायचं होतं." त्या दिवशी मला कळलं, की माझा जीव वाचल्याचा आनंदसुद्धा त्यांना निखळ मिळाला नव्हता.

आता प्रत्येक सायलोला तशी तोफ आहे, आणि ती बटणावर उडते. मागच्या आठवड्यात आपल्याकडे नवीन लागलेल्या मुलीने ते बटण दाबलं. मी तिला म्हटलं, "पूर्वी यासाठी आम्ही आत उतरायचो." ती हसायलाच लागली. "काका, नवीन आहे म्हणून फिरकी घेताय ना? आत माणूस कशाला सोडेल कोणी?" मी शपथेवर सांगायला लागलो, तर मागून वहिनी हळूच म्हणाल्या, "नका पटवू, भाऊजी. तिला खोटंच वाटू दे."

ती मुलगी इथे समोर बसली आहे. आता ती हसत नाहीये.

अध्यक्षबाईंनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि वहिनी, तुम्ही नको म्हणालात तरी मी सांगितलं. एवढी आगळीक पदरात घ्या. मी जिवंत आहे, ते कोणामुळे, हे मला एकदा सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.