काकांचा फ्लाइट मोड

आमच्या पूनम सागर सोसायटीत लॅपटॉपला वायफाय दिसत नाही असं कोणी म्हटलं तर मला पटणारच नाही. इथे लॅपटॉप उघडला की अख्ख्या विंगच्या वायफायची नावं समोर येतात. पण परवा समोरचे सावंतकाका दारात उभे.

"अरे, लॅपटॉपला एकपण वायफाय दिसत नाहीये. आमची नेहा दुबईला उतरली असेल एव्हाना. व्हिडिओ कॉल करणार होती. तुझी काकू रडायची बाकी आहे."

गेलो. राउटर चालू, माझ्या मोबाईलवर त्यांचं वायफाय व्यवस्थित दिसतंय. लॅपटॉप बंद करून परत चालू केला, तरी ढिम्म. काकू म्हणाल्या, "केबिन रोडच्या रिपेअरवाल्याला बोलवू का?" तेवढ्यात मला स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटंसं विमान दिसलं.

"काका, फ्लाइट मोड कोणी लावला?"

"मीच. नेहा म्हणाली, विमान उडताना लावायचा असतो."

"अहो, तिने लावायचा. तिच्या फोनवर."

"ते कळतं रे मला. पण पोरगी पहिल्यांदा विमानात बसलीय. आपल्या घरातून उगाच सिग्नल जायला नको."

"आणि तुमचे मोबाईल?"

"दोन्ही मोबाईलवर पण लावलाय."

मी सगळीकडचा फ्लाइट मोड काढला. लगेच लॅपटॉप वाजला. पलीकडून नेहा ओरडली, "बाबा, होतात कुठे तुम्ही? कधीपासून कोणाचाच फोन लागत नाहीये!"

काका शांतपणे म्हणाले, "तू उतरल्याचं कळल्याशिवाय आम्ही कसे उतरणार?"